‘व्हिसा कन्व्हर्ट’ न झालेली विद्यार्थिनी: बी-2 वरून एफ-1 कडे जाण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील मुलगी सांगली जिल्ह्यातील आहे. घरी द्राक्षबाग आणि बेदाण्याचा व्यापार असून तिने 2022 मध्ये फूड टेक्नॉलॉजीची पदवी घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुण्यात जाऊन तिने जीआरई ही परदेशात पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा दिली होती, परंतु त्या हंगामात अवकाळी पावसाने बागेचे नुकसान झाल्यामुळे परदेशी शिक्षणाचा विषय घरात मागे पडला आणि तिने एकाही विद्यापीठाकडे अर्ज केला नाही. या परीक्षेची तारीख पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

तिची थोरली बहीण न्यू जर्सीत राहते. बहिणीच्या पदवीदान समारंभासाठी 2019 मध्ये आईवडिलांबरोबर हिनेही दहा वर्षांचा बी-2, म्हणजे पर्यटक व नातेवाईक भेटीचा व्हिसा काढला होता. जानेवारी 2024 मध्ये बहिणीच्या बाळंतपणासाठी आई निघाली, तेव्हा एकटीने विमान बदलण्याची आईला धास्ती वाटत असल्यामुळे हीदेखील सोबत गेली. 20 जानेवारीला नेवार्क विमानतळावरील अधिकाऱ्याला तिने बहिणीच्या बाळंतपणासाठी आल्याचे आणि जुलैमध्ये परतणार असल्याचे सांगितले. दोघींची परतीची तिकिटे 14 जुलैची होती. अधिकाऱ्याने नेहमीप्रमाणे सहा महिन्यांची मुदत दिली, त्यामुळे तिच्या आय-94 नोंदीवर 19 जुलै 2024 ही तारीख आली.

मार्चमध्ये बाळ महिन्याभराचे झाल्यावर दाजींनी तिला सहज म्हणून जवळचे एक विद्यापीठ दाखवायला नेले. तेथील फूड सायन्स विभाग पाहून तिचा जुना विचार पुन्हा जागा झाला. तिने टोफेल ही इंग्रजीची परीक्षा दिली, अर्ज केला, मे महिन्यात प्रवेश मिळाला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात विद्यापीठाने आय-20 हे प्रवेशपत्र दिले. वर्ग 26 ऑगस्टला सुरू होणार होते.

अडचण

या टप्प्यावर घरातल्या, ओळखीतल्या आणि न्यू जर्सीतील एडिसन गावच्या देवळात भेटलेल्या प्रत्येकाने एकच सल्ला दिला: “इथेच व्हिसा कन्व्हर्ट करून घे.” पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ या शब्दप्रयोगात आहे, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे.

व्हिसा म्हणजे पासपोर्टवरचा शिक्का. तो अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा दूतावास देतो आणि त्याचा उपयोग अमेरिकेच्या दारापर्यंत जाण्यापुरता असतो. आत आल्यावर माणूस कोणत्या नात्याने आणि किती दिवस राहू शकतो, हे आय-94 या नोंदीवर ठरते, आणि त्यालाच तेथे ‘स्टेटस’ म्हणतात. देशात राहून यूएससीआयएस या अमेरिकी स्थलांतर खात्याकडे आय-539 हा अर्ज केला, तर बदलते ते स्टेटस. पासपोर्टवरचा शिक्का होता तसाच राहतो. मुंबईतील मुलाखत टळत नाही, केवळ पुढे ढकलली जाते, आणि ती कधी द्यावी लागेल हे आपल्या हातात राहीलच असे नाही. या कुटुंबाला हा फरक जूनमध्ये कोणी समजावून सांगितला नाही असे म्हणता येणार नाही, कारण विद्यापीठातील परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याने, ज्याला तेथे डीएसओ म्हणतात, तो ईमेलमध्ये लिहून कळवला होता. परंतु मायदेशी कधी जायचे हा प्रश्न त्या क्षणी दूरचा वाटला आणि तो परिच्छेद कोणी दुसऱ्यांदा वाचला नाही.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता लगेच परतण्याचा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सांगलीला येऊन मुंबईच्या वकिलातीत एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसाची मुलाखत द्यायची, शिक्का घ्यायचा आणि ऑगस्टमध्ये परत जायचे. जून ते ऑगस्ट हा भारतात विद्यार्थी मुलाखतींचा हंगाम असतो आणि तारीख मिळणे अवघड असले तरी अशक्य नव्हते. या पर्यायाविरुद्ध दोन गोष्टी मांडल्या गेल्या. एक म्हणजे जादा विमानभाडे. दुसरी, आणि खरी, म्हणजे नकाराची भीती. मुलाखतीत कलम 214(बी) खाली, म्हणजे मायदेशी परतण्याचा हेतू पटला नाही या कारणाने, व्हिसा नाकारला गेला, तर हातात आलेला प्रवेश जाईल. “आत आहेस तर बाहेर कशाला जातेस?” हा दाजींचा प्रश्न घरात सर्वांना पटला.

दुसरा पर्याय आय-539 चा. 1 एप्रिल 2024 पासून या अर्जाचे शुल्क ऑनलाइन भरल्यास 420 डॉलर आणि कागदावर भरल्यास 470 डॉलर झाले होते. त्याखेरीज सेव्हिस या विद्यार्थी नोंदप्रणालीचे 350 डॉलर द्यावे लागणार होते, पण ते पहिल्या पर्यायातही द्यावे लागलेच असते. या पर्यायाला एक उपपर्याय होता. जून 2023 पासून अशा अर्जांवर जलद निर्णयाची, म्हणजे प्रीमियम प्रोसेसिंगची सोय झाली होती. त्या वेळी त्याचे शुल्क 1,965 डॉलर होते. त्या बदल्यात बोटांचे ठसे वगैरे मिळाल्यापासून कामकाजाच्या 30 दिवसांत खात्याने काहीतरी उत्तर देणे बंधनकारक होते. मात्र ते उत्तर मंजुरीचेच असेल अशी हमी नव्हती.

तिसरा पर्याय एका मित्राने सुचवला: कॅनडात किंवा मेक्सिकोत जाऊन तेथील अमेरिकी वकिलातीतून शिक्का घेणे. तिच्याकडे कॅनडाचा व्हिसा नव्हता, शिवाय तेथे नकार मिळाल्यास परिस्थिती अधिकच बिकट झाली असती, म्हणून तो विषय एका संध्याकाळीच संपला. आता तर सप्टेंबर 2025 पासून परराष्ट्र खात्याने अर्जदारांना त्यांच्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच मुलाखत देण्यास सांगितले असल्यामुळे या वाटेचा विचार करण्यात फारसा अर्थ उरलेला नाही.

चौथा पर्याय होता प्रवेश जानेवारी 2025 पर्यंत पुढे ढकलून शांतपणे घरी परतण्याचा. त्यावर कोणीही गांभीर्याने चर्चा केली नाही. माझ्या मते तोच सर्वांत चांगला होता.

निर्णय दुसऱ्या पर्यायाचा झाला, आणि तोही प्रीमियम शुल्काशिवाय. दाजींच्या एका सहकाऱ्याच्या बहिणीला अडीच महिन्यांत मंजुरी मिळाली होती, एवढ्या एका माहितीवर 1,965 डॉलर वाचवण्यात आले.

अर्ज आणि प्रतीक्षा

20 जून 2024 रोजी अर्ज दाखल झाला, म्हणजे देशात येऊन 152 दिवस झाल्यावर आणि मुदत संपण्याच्या एक महिना आधी. या दोन्ही आकड्यांना महत्त्व आहे. परराष्ट्र खात्याच्या नियमपुस्तकात 90 दिवसांचा एक निकष आहे: देशात प्रवेश केल्यापासून 90 दिवसांच्या आत कोणी व्हिसाच्या उद्देशाशी विसंगत वागला, उदाहरणार्थ शिक्षण सुरू केले, तर त्याने मुळातच खोटा हेतू सांगितला होता असे गृहीत धरता येते. यूएससीआयएसला हा निकष बंधनकारक नाही, पण हेतूची चौकशी तेही खाते करतेच. आणि मुदत संपण्यापूर्वी अर्ज दाखल असणे ही तर मूळ अट आहे.

बहिणीच्या शेजारणीने या वेळी आग्रहाने सांगितले की बी-2 ची मुदतवाढ मागणारा दुसरा अर्जही सोबत भरावा लागतो, नाहीतर मधली पोकळी राहते. तिने 2018 मध्ये स्वतः तसे केले होते आणि तेव्हा ते बरोबरच होते. परंतु 20 जुलै 2021 रोजी यूएससीआयएसने हे धोरण बदलले. पहिला अर्ज दाखल करताना स्टेटस वैध असेल, तर वर्ग सुरू होईपर्यंत ते पुन्हा पुन्हा वाढवून घेण्याची गरज उरली नाही. डीएसओने हे सांगितल्यामुळे दुसऱ्या अर्जाचे पैसे वाचले. आप्तेष्टांचे सल्ले बहुधा खोटे नसतात, जुने असतात.

14 जुलैला आई एकटीच परत निघाली. ज्या विमान बदलण्याच्या भीतीने मुलगी सोबत आली होती, तो प्रवास आईने व्हीलचेअरची सोय मागून नीट पार पाडला. 19 जुलै उलटला. त्या दिवसापासून मुलगी ना पूर्वीच्या अर्थाने प्रवासी होती ना विद्यार्थिनी. अर्ज प्रलंबित असल्यामुळे तिचे राहणे चालू शकत होते, एवढेच. या काळात देश सोडला असता तर अर्ज सोडून दिला असे मानले गेले असते. नकार आला असता तर त्या वेळेपासून बेकायदा वास्तव्याचे दिवस मोजले जाऊ लागले असते आणि 2029 पर्यंतचा प्रवासी शिक्काही धोक्यात आला असता.

ऑगस्टच्या मध्यापर्यंत निर्णय आला नाही. येथे या प्रकरणातील सर्वांत धोक्याचा क्षण आला. तिच्या विभागातील एका प्राध्यापकांनी सद्भावनेने सुचवले की तिने पहिल्या दोन विषयांसाठी नाव नोंदवून ऑनलाइन वर्ग सुरू करावेत, मंजुरी आली की बाकीचे पाहता येईल. पुण्यातल्या मावसभावानेही फोनवर हेच सांगितले: “कोण बघतंय?” तिने नोंदणीचे पान उघडलेही होते. सुदैवाने तिने आधी डीएसओला विचारले, आणि त्याच दिवशी दोन ओळींचे उत्तर आले की मंजुरीपूर्वी पदवी अभ्यासक्रमाचा एकही वर्ग सुरू केल्यास अर्ज नाकारला जाईल.

या बाबतीतील कडकपणामागे इतिहास आहे. सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यात विमाने चालवणारे दोन हल्लेखोर प्रवासी म्हणून देशात आले होते आणि स्टेटस बदलाचा निर्णय होण्यापूर्वीच त्यांनी फ्लोरिडात विमान चालवण्याचे शिक्षण सुरू केले होते. त्यांच्या मंजुरीची कागदपत्रे त्या प्रशिक्षण संस्थेत पोहोचली ती हल्ल्यानंतर सहा महिन्यांनी, मार्च 2002 मध्ये. पुढच्याच महिन्यात नियम बदलला आणि बी स्टेटसवर असताना मंजुरीआधी अभ्यासक्रम सुरू करण्यास बंदी आली. बेदाण्यावर प्रबंध लिहू पाहणाऱ्या मुलीचा त्या घटनेशी काहीही संबंध नाही, पण नियम तिलाही तोच लागू होतो.

विद्यापीठाने प्रवेश जानेवारी 2025 पर्यंत पुढे नेला आणि नव्या तारखेचा आय-20 दिला. म्हणजे जो चौथा पर्याय जूनमध्ये कोणी विचारात घेतला नव्हता, तोच सप्टेंबरमध्ये पदरी पडला. फरक इतकाच की आता ती सांगलीत नव्हती आणि मुंबईची मुलाखतही झालेली नव्हती. 9 सप्टेंबरला कुटुंबाने अखेर प्रीमियम शुल्क भरले. त्या वेळच्या दराने ते सुमारे 1 लाख 65 हजार रुपये होते. जूनमध्ये जादा विमानप्रवासाला येणारा खर्च याहून अधिक नव्हता.

खात्याची विचारणा

11 ऑक्टोबरला निर्णयाऐवजी अधिक पुरावा मागणारे पत्र आले. त्यात चार गोष्टी विचारल्या होत्या: पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद, जानेवारीपासूनच्या वास्तव्याचा खर्च कोणी केला, शिक्षणानंतर मायदेशी परतण्याची कारणे, आणि शिक्षणाचा विचार देशात आल्यावर कसा व कधी झाला.

पैशाचे उत्तर कष्टाचे होते, पण सरळ होते. वडिलांच्या मुदत ठेवी होत्या आणि सांगलीतील बँकेचे शैक्षणिक कर्ज तत्त्वतः मंजूर होते. बँकेला कर्जदार विद्यार्थिनीची सही समोर हवी होती. ती येऊ शकत नसल्यामुळे वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र करून न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीतून ते साक्षांकित करून पाठवावे लागले, आणि त्यात जवळजवळ तीन आठवडे गेले. परतण्याच्या कारणांसाठी घरच्या बेदाणा प्रक्रिया केंद्राची कागदपत्रे, बागेचा सातबारा आणि निर्यातीसाठी प्रयोगशाळा उभारण्याचा वडिलांचा लेखी विचार जोडला गेला. सातबाऱ्याचे इंग्रजी भाषांतर करताना दाजी आणि वडील यांच्यात ‘पोटखराबा’ या शब्दावरून फोनवर अर्धा तास चर्चा झाली, असे मला नंतर समजले.

चौथा प्रश्न अडचणीचा होता. जीआरई 2022 ची होती आणि ते गुणपत्रक विद्यापीठाच्या अर्जाचा भाग होते. एका ओळखीच्या एजंटाने सल्ला दिला की उत्तरात जीआरईचा उल्लेख टाळावा आणि शिक्षणाची कल्पना मार्च 2024 मध्ये प्रथमच सुचली असे लिहावे. कुटुंबात दोन दिवस यावर वाद झाला. बहिणीचे मत होते की खात्याकडे विद्यापीठाची कागदपत्रे नसतील. शेवटी मुलीनेच उत्तर लिहिले: परीक्षा 2022 मध्ये दिली, त्या वर्षी बागेचे नुकसान झाले, कोठेही अर्ज केला नाही, जानेवारी 2024 मध्ये आले ती बहिणीच्या बाळंतपणासाठी, परतीचे तिकीट 14 जुलैचे होते, विद्यापीठ मार्चमध्ये पाहिले. सोबत तिकिटाची प्रत, बाळाच्या जन्माचा दाखला आणि 2022 च्या पीक नुकसानीच्या पंचनाम्याची प्रत जोडली.

या निर्णयाविषयी माझे मत स्पष्ट आहे. जुना विचार मनात असणे हा दोष नाही. देशात प्रवेश करतानाच शिकण्यासाठी राहायचे ठरवून बाळंतपणाचे कारण सांगणे हा दोष आहे. तिने दुसरी गोष्ट केली नव्हती, आणि पहिली लपवली असती तर ती केल्यासारखी दिसली असती. असत्य विधान एकदा नोंदीवर गेले की पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात ते समोर येऊ शकते.

निकाल

उत्तर 4 नोव्हेंबरला गेले आणि 26 नोव्हेंबर 2024 रोजी मंजुरी आली. मंजुरीपत्रासोबत नवी आय-94 नोंद होती. तीवर तारखेऐवजी ‘ड्युरेशन ऑफ स्टेटस’, म्हणजे विद्यार्थी स्टेटस टिकेल तोवर, असे लिहिलेले होते.

मंजुरीनंतरही एक चूक थोडक्यात टळली. विद्यापीठाच्या ग्रंथालयात डिसेंबरच्या सुरुवातीपासून तासिक काम मिळत होते. एफ-1 असल्यामुळे आवारात काम करता येते हे तिला माहीत होते, परंतु अभ्यासक्रम सुरू होण्यास 30 दिवसांहून अधिक काळ असताना मंजुरी मिळाल्यास त्या आधीच्या दिवसांत काम करता येत नाही. वर्ग 21 जानेवारीला सुरू व्हायचे होते. तिने काम 22 डिसेंबरनंतर धरले.

जून 2025

मे 2025 च्या अखेरीस वडिलांना छातीत दुखू लागले आणि मिरजेत बायपास शस्त्रक्रिया ठरली. मुलीने लगेच निघायचे ठरवले. तिच्या वर्गातील इतर भारतीय विद्यार्थी मुंबई किंवा हैदराबादहून पाच वर्षांचा एफ-1 शिक्का घेऊन आले होते. त्यांच्यापैकी कोणालाही तिकीट काढून जाऊन परत येता आले असते. तिच्या पासपोर्टवर मात्र 2019 चा बी-2 शिक्काच होता, आणि त्यावर शिकण्यासाठी परत प्रवेश करणे शक्य नव्हते. गेली असती तर प्रथम मुंबईत मुलाखत द्यावी लागली असती.

नेमके त्याच आठवड्यात, 27 मे 2025 रोजी, परराष्ट्र खात्याने जगभरच्या वकिलातींना विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणे थांबवण्यास सांगितले. 18 जूनला मुलाखती पुन्हा सुरू करण्याचे जाहीर झाले, पण समाजमाध्यमांवरील खाती सर्वांना पाहता येतील अशी ठेवण्याच्या अटीसह. तेव्हा शस्त्रक्रिया होऊन दोन आठवडे झाले होते. एच-1बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचा वैध शिक्का असलेली ताई दीड वर्षाच्या बाळाला घेऊन मिरजेला गेली. ही एडिसनला राहिली आणि रुग्णालयाच्या खोलीतील व्हिडिओ कॉलवर वडिलांशी बोलली. वडील आता बरे आहेत आणि बागेत जाऊ लागले आहेत.

वेगळे काय करता आले असते

या मुलीचा निर्णय बेकायदा नव्हता, अविचारीही नव्हता, आणि निकाल तिच्या बाजूने लागला. तरीही जून 2024 मधील चर्चेत एक प्रश्न विचारलाच गेला नाही: पुढच्या दोन वर्षांत घरी जावे लागले तर काय? तो विचारला असता तर नकाराच्या भीतीचे वजनही वेगळ्या रीतीने करता आले असते. मुंबईतील नकाराची शक्यता स्टेटस बदलाने नाहीशी झाली नाही. ती केवळ शिक्षणाच्या मध्यावर नेऊन ठेवली, आणि तेथे नकाराची किंमत एका प्रवेशाऐवजी अर्धवट पदवी आणि फेडायचे कर्ज ही आहे.

आईबरोबर 14 जुलैला परतून जानेवारीच्या प्रवेशासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मुंबईत मुलाखत दिली असती, तर तीच सहामाही गेली असती, पण शिक्का हाती असता आणि बँकेतली सहीही समोर झाली असती. देशातच राहून अर्ज करणे ज्यांना खरोखर आवश्यक असते, म्हणजे परतणे अवघड करणारे काही ठोस कारण असते, त्यांनी प्रीमियम शुल्क पहिल्या दिवसापासूनच खर्चात धरावे आणि पुराव्याची मागणी येण्याची वाट न पाहता पैसा, परतण्याची कारणे आणि हेतू कसा बदलला याचे निवेदन मूळ अर्जासोबतच जोडावे. शिक्षणाचा थोडाही विचार असताना प्रवासी व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यांनी तो मुलाखतीतच सांगावा. व्हिसावर ‘संभाव्य विद्यार्थी’ अशी नोंद करून देण्याची तरतूद आहे, आणि ती असल्यास हेतूचा प्रश्न बराच सोपा होतो. आपल्याकडे ती मागायला लोक बिचकतात, कारण तशी कबुली दिली तर व्हिसाच मिळणार नाही असे त्यांना वाटते. ही भीती पूर्णपणे निराधार आहे असे मी म्हणणार नाही.

तिची पदवी डिसेंबर 2026 मध्ये पूर्ण व्हायची आहे. ऑक्टोबर 2024 च्या विचारणापत्राचे उत्तर, त्याला जोडलेला पंचनामा आणि 14 जुलैच्या न वापरलेल्या तिकिटाची प्रत हे सर्व तिने एका फाइलमध्ये वेगळे ठेवले आहे. मुंबईची मुलाखत अजून व्हायचीच आहे.